साच्याचा ठोका

"अगं, सुरीनं काय उकरतेस? मामूल आहे की शिंपला?"

वजीहा दारातूनच ओरडली. सून सौसन स्वयंपाकघरात पाठमोरी बसलेली, खिडकीला चादर लावलेली. तिनं दचकून साचा ओढणीखाली घातला. परातीत ईदेच्या गोड मामुलांची पार रया गेलेली. कुणाची नक्षी सोललेली, कुणाच्या पोटातून पिस्ता बाहेर.

"कुणाला विचारून मांडलंस हे?"

"कुणालाच नाही. म्हणून तर ठोकत नव्हते."

हलब शहरातल्या त्या गल्लीत ईदेच्या आधी कुणाकडं काय चाललंय ते विचारावं लागत नाही. अक्रोडाच्या लाकडाचा साचा, त्यात तुपात मुरवलेल्या रव्याचा गोळा, पोटात सारण, अन् मग साचा पाटावर ठक्कन आपटायचा. तेव्हा कुठं मामूल नक्षीसकट बाहेर पडतं. घराघरातून दिवसभर ठकठक. ज्या घरातलं माणूस गेलंय तेवढं घर मुकं. तिथं गल्लीच ताटल्या भरून पोचवते.

रीत एका ईदेची. पण वजीहाचा सत्तूफ काविळीनं गेला अन् बाई तिसरी ईद तशीच काढायला निघाली होती. कुणी समजवायला गेलं की अंगावर जायची. मग लोकांनी तिला सत्तूफची आई म्हणायचंच सोडलं. सगळी नुसती मावशी म्हणायला लागली, तेही तापलेलं भांडं उचलावं तसं, जपून.

"लाज नाही वाटली तुला?"

"वाटते ना. दर ईदेला शेजारच्या बहीजाकाकूंची ताटली येते, ती तशीच रिकामी कशी परत करू? म्हणून यंदाची अजून फडताळात पडलीय." सौसनचा आवाज चढला. "माझा नवरा होता तो, आई. मी काय विसरलेय? पण तूप कढल्याचा वास आला की तो घरात असल्यासारखा वाटतो. तुम्ही घर मुकं केलंत अन् तो आणखीच लांब गेला."

वजीहानं परातीतला एक तुकडा उचलून तोंडात टाकला.

"चेरीच्या बियांची पूड जास्त पडलीय. कडवट लागतंय."

"त्याला तसंच लागायचं."

म्हातारी परातीपुढं खाली बसली. खरं होतं ते. दर वर्षी तोच मागं लागून चिमूटभर जास्त टाकायला लावायचा.

"आण इकडं तो साचा."

आता ही चुलीत घालते, असं सौसनला वाटलं. पण वजीहानं गोळा घेतला, अंगठ्यानं खळगा केला, सारण भरलं, तोंड मिटलं, साच्यात दाबला. हात वर गेला अन् तिथंच अडकला. बराच वेळ.

मग साचा आपटला.

ठक्क!

शेजारची ठकठक एकदम थांबली. पाटावर मामूल पडलेलं, एकेक पाकळी शाबूत. वजीहानं भिंतीकडं पाहिलं. झालं, आता लोक काय म्हणतील?

भिंतीपलीकडून एक ठोका आला. मग दुसरा. मग बहीजाचा घोगरा आवाज.

"काय गं सत्तूफची आई! पिस्ता की खजूर?"

वजीहानं बाहीला नाक पुसलं. घसा साफ केला.

"पिस्ता!" ती ओरडली. "अन् तुझी ताटली आहे माझ्याकडं! रिकामी नाही येणार!"

सौसन उठली. खिडकीवरची चादर काढून तिची नीट घडी घालू लागली.