डोळे मिटून दिलेलं मत

मावशींचा हात वर गेला तेव्हा सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटलं ते मावशींनाच. मनात तर स्वच्छ 'नको' होतं. पण समोर विहीणबाईंचा हात आधीच वर होता, शेजारी धाकटीचा होता, आणि दोरीवाले काका तर दोन्ही हात वर करून बसले होते. अध्यक्षीणबाई त्यांना एक खाली घ्यायला सांगत होत्या. अशा वेळी आपण एकटीनेच हात मांडीवर ठेवून बसायचं म्हणजे चारचौघांत उठून दिसायचं. जन्मभर मावशींनी काही टाळलं असेल, तर नेमकं तेच.

"सगळ्यांचे हात वर. एकमताने मंजूर," असं म्हणून अध्यक्षीणबाईंनी टाळी वाजवली. ती बराच वेळ एकटीच वाजली, मग बाकीच्यांनी साथ दिली.

हा प्रकार चालला होता लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत. लॉन्ड्री या पाच जणांची होती. आधी तिला एक मालक होता. तो कंटाळून विकायला निघाला तेव्हा कामगारांनीच मिळून ती घेतली. तेव्हापासून मालक पाच आणि नोकर एकही नाही. विहीणबाई मशीनवर, मावशी इस्त्रीवर, वयाने सगळ्यांत लहान ती धाकटी घड्या घालून कपडे घरोघर पोचवायला, काका गच्चीवरच्या दोऱ्यांवर आणि अध्यक्षीणबाई गल्ल्यावर. नियम एकच ठेवला होता, की कुठलीही मोठी गोष्ट सगळ्यांनी बसून ठरवायची आणि हात वर करून मत द्यायचं. मावशींना याचं भारी अप्रूप. एरवी मत म्हणजे काय, तर काही वर्षांनी एकदा रांगेत उभं राहायचं, बोटाला शाई लावून घ्यायची आणि घरातून निघताना नवऱ्याने सांगितलेलं चिन्ह शोधायचं. इथे साबण कुठला आणायचा यावरसुद्धा त्यांचं मत विचारत. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मावशी दोन दिवस साबणाचे वास घेत हिंडत होत्या.

या वेळचा प्रश्न साबणापेक्षा मोठा होता. शहरातल्या एका बड्या हॉटेलला आपल्या चादरी, टॉवेल आणि टेबलांवरची कापडं बाहेर धुवायला द्यायची होती. काम दुप्पट, मिळकत जवळजवळ दुप्पट. अट एवढीच, की सकाळी सुरू झालेली मशिनं रात्रीपर्यंत थांबता कामा नयेत. आधी आठवडाभर काम करून दाखवायचं, मग कागदावर सही. हॉटेलचा टाय घातलेला तरुण साहेब येऊन समजावून गेला होता, "धंदा वाढला की तुम्हीही वाढाल." या वयात आता कुठल्या बाजूने वाढायचं, असा मावशींना प्रश्न पडला होता, पण त्यांनी तो विचारला नाही.

आणि मशिनं थांबायची नाहीत याचा अर्थ, दुपार जाणार.

दुपारी जेवणं आटपली की काका शटर अर्धं खाली ओढत आणि गच्चीवर टाकीच्या सावलीत जात. मशिनं गप्प होत. खोलीत धुतलेल्या कापडांची ऊब साचलेली असे. बायका चादरींच्या गाठोड्यांवर डोकी टेकून जमिनीवर पसरत. "मी काही झोपत नाही हो, नुसती पाठ टेकते," असं विहीणबाई रोज जाहीर करत. "माझंही तेच," मावशी म्हणत. मग दोघीही घोरत. जास्त कोण घोरतं ते धाकटीला चांगलं ठाऊक होतं, पण दोघींचीही लाडकी राहायचं असल्यामुळे तिने ते कधी फोडलं नाही.

लग्नानंतर मावशींना दुपारची झोप ठाऊक नव्हती. भरल्या घरात दुपारी आडवी झालेली सून कुणाला बघवत नसे. पुढे बोलणारी माणसं गेली, पण घराची खोड गेली नाही. जरा डोळा लागतोय म्हणावं तर कुणी आई म्हणून हाक मारायचं, कुणी वहिनी म्हणून, आणि कुणीच नाही मारली तर आपलेच कान वाजायचे. लॉन्ड्रीतल्या त्या तासाभरात मात्र त्या कुणाच्या कुणी नसत. तो तास मावशींना जिवापाड प्रिय होता. आणि गोष्ट इतकी क्षुल्लक, की तोंडाने मागायची लाज वाटावी. धाकटीच्या पदरात दोन मुली. विहीणबाईंचा मुलगा, म्हणजे मावशींचाच जावई, नोकरी सुटून घरी बसलेला. यांच्यासमोर काय म्हणायचं, मला झोप हवीय? तेही प्रत्यक्ष विहिणीच्या तोंडावर? लेकीला जन्मभर टोमणे ऐकावे लागले असते.

त्या संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "काय ठरलं गं?"

"घेतलं काम."

"मग तोंड का एवढंसं झालंय?"

"दुपारची झोप जाणार माझी."

"मग हात कशाला वर केलास?"

"सगळ्यांनी केला."

"सुट्टीच्या दिवशी घरी झोपत जा," नवरा म्हणाला. तेवढ्यात आत दूध उतू गेलं आणि दारावरची बेल वाजली. मावशी दुधाकडे धावल्या. नवऱ्याला त्याचं उत्तर मिळालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून हॉटेलच्या चादरी येऊन पडायला लागल्या. एकेक चादर अशी ऐसपैस, की एका टोकाला इस्त्री फिरवावी तर दुसरं टोक जमिनीवर लोळायला निघायचं. मशिनं घरघरत राहिली. डबे पाळीपाळीने आणि उभ्या उभ्या खाल्ले जाऊ लागले. काका गच्चीवरून खाली यायचे ते फक्त ओली टोपली न्यायला. पूर्वी दिवसभर एकमेकांची थट्टा करणारी माणसं आता "जरा सरका" आणि "झालं का" एवढंच बोलू लागली.

आठवड्याच्या मध्यावर, दुपारी, व्हायचं तेच झालं. मावशींना इस्त्री धरल्या धरल्या डुलकी लागली. जाग आली ती जळका वास नाकात शिरल्यावर. पांढऱ्या शुभ्र चादरीच्या मधोमध इस्त्रीचा तपकिरी ठसा उठला होता. इतकी वर्षं इस्त्री केली, पण मावशींच्या हातून कधी एक रुमाल जळला नव्हता. त्या तिथेच गाठोड्यावर बसल्या.

वासाने विहीणबाई धावत आल्या. त्यांनी चादर पाहिली, मावशींना पाहिलं आणि आधी जाऊन इस्त्रीचं बटण बंद केलं.

"भाजलं नाही ना कुठे?"

मावशींनी मान हलवली. आणि मग इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "मला झोप येते हो, विहीणबाई. दुपारी मला झोप लागते. नुसती पाठ नाही टेकत मी, चांगली झोपते. काय म्हणायचं ते म्हणा."

विहीणबाई शेजारी बसल्या. "ते मला माहीत आहे. तुम्ही घोरता."

"मी?"

"मीही घोरत असेन, मला काय कळतंय." विहीणबाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "पण मग तुम्ही हात कशाला वर केलात?"

"तुमच्यासाठी. जावई घरी बसलेत, चार पैसे आले तर तुम्हालाच बरं पडेल, म्हटलं."

"अहो, त्याला गेल्याच महिन्यात काम लागलं. सूनबाई बोलली नाही तुम्हाला?"

"बोलली होती. मला वाटलं, आईला काळजी नको म्हणून सांगतेय."

विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. "आणि मी तुमच्यासाठी हात वर केला. मुलाचं लग्न काढलंय तुम्ही. खर्च तोंडावर असताना मीच आडवी आले, असं व्हायला नको."

"कसला खर्च? ती दोघं कचेरीत जाऊन सह्या करणार आहेत. मला तर म्हणाला, आई, तू फक्त वेळेवर ये."

लेकीच्या सासरी कसं वागावं आणि सुनेच्या माहेरी काय बोलू नये, हे दोघींनी इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळलं होतं, आणि त्या सांभाळण्याच्या नादात दोघींनी मिळून आपलीच दुपार विकली होती. आधी विहीणबाईंना हसू फुटलं. मग मावशींना. काका टोपली घ्यायला आले तेव्हा दोघी जळक्या चादरीत तोंड लपवून हसत होत्या.

काय झालं ते कळल्यावर काका टोपलीवरच बसले. "मी एकटा गडी. म्हटलं, बायकांना हवंय तर आपण कशाला मोडता घाला. दुप्पट हवं असेल म्हणून दोन्ही हात वर केले."

"परत मत घेऊ या," विहीणबाई म्हणाल्या.

"परत सगळे एकमेकांकडेच बघणार," मावशी म्हणाल्या. मग स्वतःलाच नवल वाटावं इतक्या ठामपणे त्यांनी सुचवलं, "डोळे मिटून घेऊ."

अध्यक्षीणबाई आधी नाराज झाल्या. एकमताने झालेला ठराव मोडायचा म्हणजे त्यांनी वाजवलेली टाळी फुकट गेली. पण नंतर त्याच हळूच म्हणाल्या की गल्ल्यावर बसून त्यांचीही मान अवघडली आहे. प्रश्न राहिला एकच. सगळ्यांनी डोळे मिटल्यावर हात मोजणार कोण?

सहीच्या दिवशी टायवाला साहेब कागद घेऊन आला. त्याला खुर्ची दिली, चहा दिला, जळक्या चादरीची भरपाई दिली आणि मग हे काम दिलं.

"मी मोजू?" साहेब गडबडला.

"मोजता येतं ना तुम्हाला?" विहीणबाईंनी काळजीने विचारलं.

"येतं. पण मी तर हॉटेलचा माणूस."

"म्हणूनच," काका म्हणाले. "आमच्यातला कुणी मोजायला बसला, तर तो आमचे चेहरे बघेल. तुम्ही फक्त हात बघा."

सगळ्यांनी डोळे मिटले. हे काम कायमचं घ्यावं असं ज्याला वाटतं, त्याने हात वर करायचा. मावशींनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. पापण्यांआड अंधार होता, आणि त्या अंधारात त्यांना फार मोकळं वाटलं. शेजारी बांगड्या किणकिणल्या. तो आवाज मावशी ओळखत होत्या.

"एक," साहेब म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, "एकच आहे. परत मोजू का?"

डोळे उघडले. साहेब कागदाची घडी घालू लागला.

"तो हात माझा होता," धाकटी म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता, लाज तर मुळीच नव्हती. "मला झोपेचं काही नाही. मला खोली हवीय. भावाच्या घरात बाहेरच्या खोलीत झोपतो आम्ही तिघी. मुली मोठ्या व्हायला लागल्या. दार लावता येईल अशी एक खोली, बस्स."

सगळ्यांची गरज मावशींनी मनानेच ठरवली होती आणि जी खरी होती तिच्यापुढे डोळे मिटले होते. त्यांनी हात वर केला. "माझं मत बदला. मी घेते काम. काय होतंय, झोपेन रात्री."

धाकटीने तो वर गेलेला हात मनगटाला धरून हळूच खाली घेतला.

"नको, मावशी. आता तुम्ही माझ्याकडे बघून देताय. मघाचं खरं होतं."

साहेबाने चहा संपवला, सगळ्यांना नमस्कार केला आणि तो गेला. हॉटेलचं काम शहराबाहेरच्या एका मोठ्या लॉन्ड्रीला मिळालं. तिथे माणसं हवी होती. धाकटीने विचारून घेतलं आणि पुढच्या महिन्यात ती तिकडे लागली. जाताना तिच्या वाट्याची रक्कम देऊ लागले, तर म्हणाली, "राहू दे इथेच. मी काय मालकीण राहू नको?" मग पुन्हा एक मत घेतलं, डोळे उघडे ठेवून, आणि ती मालकीण राहिली.

लॉन्ड्रीत दुपार परत आली. शटर अर्धं खाली येऊ लागलं, मशिनं गप्प होऊ लागली. धुलाई पूर्वीइतकीच होती, मिळकतही तेवढीच, आणि थट्टा मात्र वाढली, कारण आता दोन्ही विहिणी एकमेकींसमोर बिनदिक्कत 'झोपते हं' म्हणून झोपत होत्या. धाकटीचं गाठोडं मावशी रोज तिच्या जागेवर ठेवायच्या. कुणी विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, आपलं सवयीने.

असेच काही आठवडे गेले. एका दुपारी शटरखाली खरखर झाली. कुणीतरी वाकून आत आलं, चपला हातात घेऊन, पाय न वाजवता. बांगड्या किणकिणल्या.

"खोली मिळाली, मावशी," कानाशी कुजबुज आली. "आतून कडी आहे दाराला."

"छान झालं," मावशी म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. "मग आज तुझ्या सुट्टीच्या दिवशी इकडे कशी?"

"काही नाही. तिकडे दुपारी मशिनं चालूच असतात." धाकटी आपल्या जागेवर पसरली. "मी झोपत नाही हं. नुसती पाठ टेकते."

थोड्याच वेळात तिचा श्वास संथ झाला. मावशींनी डोळे न उघडताच, हाताने चाचपून, आपली चादर तिच्या पायांवर सरकवली.