मोतिया साडीवरची हळद

गौरींच्या जेवणात आमटी सांडली, ती सासूसुनेच्या अंगावर सारखीच. अंबिकाबाईंच्या हातून पातेलं निसटलं आणि दोघींच्या रेशमी साड्यांवर हळदीचे डाग पडले. पण प्रमोदिनीची मोतिया साडी तिच्या आईची होती. आई वैशाखात गेली, आणि माहेरचं म्हणून तिच्याकडे एवढंच उरलं होतं. ती नेसली की आई जवळ असल्यासारखी वाटायची.

"उद्या इलाइट चौराह्यावरच्या ड्रायक्लीनरकडे देते," ती म्हणाली.

"सोवळ्यातली साडी आहे ती!" अंबिकाबाई कडाडल्या. "ती नेसून गौरींना नैवेद्य दाखवलास. आता चौराह्यावर कुणाकुणाच्या पतलुनींबरोबर बुडवून आणणार? आण इकडे, मी धुते."

"आई, साबण नको. हळद आहे."

"मला शिकवतेस?"

सोवळं म्हटलं की त्या घरात सगळ्यांची तोंडं बंद. नवरा विश्वंभर रेल्वेत बाबू, घरात आईचा शिपाई. त्यानं पेपरात डोकं खुपसलं. मोरीत अंबिकाबाईंनी साबण चोळला, तसा डाग लालभडक झाला. मग सोडा आणि ब्रश. रंग उडाला, जरीचे काठ काळे पडले, रेशीम विरलं. प्रमोदिनी दारात नुसती उभी होती. सासूचा हात धरायची हिंमत झाली नाही, याचा तिला स्वतःचाच संताप आला.

"हलका माल," बाईंनी पिळा तिच्या हातात कोंबला. "तुझ्या आईला कुणीतरी फसवलं, नाहीतर तिनं आपल्याला."

प्रमोदिनीनं ते लक्तर वाळवून आपल्या ट्रंकेच्या तळाशी ठेवलं.

पुढच्या आठवड्यात ड्रायक्लीनरचा माणूस सायकलवरून दारात आला.

"भाभीजी, माताजी की साड़ी. भैया दे गए थे. हल्दी का दाग था, साफ निकल गया."

कागदात सासूबाईंची हिरवी साडी होती. डाग कुठे पडला होता तेही कळेना. प्रमोदिनी ती घेऊन सासूबाईंपुढे गेली.

"आई, हीसुद्धा सोवळ्यातलीच ना?"

"ती आमची घरची, पिढीजात आहे," समई पुसता पुसता अंबिकाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या त्या चिंधीशी बरोबरी करू नकोस."

त्यांच्या हातातलं फडकं मोतिया रंगाचं होतं. शेजारी तसेच आणखी तुकडे पडले होते, कात्रीनं नीट कापलेले.

"रेशमानं पितळ छान उजळतं," बाई म्हणाल्या. "उभी काय राहिलीस? साडी कपाटात ठेव. आधी हात धुऊन ये, डाग पडेल."

प्रमोदिनी मोरीत गेली आणि तिनं हात धुतले.