प्लेटा उचलेपर्यंत

लाइल प्रिबिल बरोबर पाच वाजता येऊन बसला. बाहेर जूनचं ऊन पार्किंगमधल्या गाड्यांच्या टपांवर लखलखत होतं, आत मात्र नेहमीचाच अंधार. गडद लाकूड, लाल चामड्याच्या बैठका, टेबलागणिक एक बुटका दिवा. अमेरिकेतल्या ओव्हरलँड पार्क गावच्या या स्टेकहाउसात भर दिवसासुद्धा माणसाला वाटावं की आपण काहीतरी मोठं ठरवायला आलो आहोत, अशीच ती सगळी मांडणी होती. लाइलने इथे एकवीस वर्षं तेच केलं होतं. कंपनीची पुठ्ठ्याची खोकी विकायची आणि घेणाऱ्याला इथे आणून पोटभर खाऊ घालायचं. तीन आठवड्यांपूर्वी त्या कंपनीने त्याला घरी बसवलं, आणि आज तो ड्वेन शुमाकरकडे नोकरी मागायला आला होता.

ड्वेन गोठवलेले पिझ्झे बनवणाऱ्या कारखान्याचा खरेदीप्रमुख. लाइलचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. गेल्या नाताळात याच टेबलावर दुसरी बाटली संपता संपता तो म्हणाला होता, "कंटाळलास तिकडे की ये आमच्याकडे, खुर्ची तयार आहे." अठ्ठावन्नाव्या वर्षी लाइलकडे एवढाच आधार उरला होता. नोकरीबरोबर मिळालेला आरोग्यविमा महिनाअखेरीला संपत होता. बायकोच्या, जोलीनच्या, सांध्यांसाठी दर सहा आठवड्यांनी सुईतून औषध चढवावं लागे, आणि विम्याशिवाय ते घेण्याचा विचारसुद्धा परवडणारा नव्हता. मागे एकदा औषधाची तारीख चुकली तेव्हा तिला कॉफीचा मग धरवेना. आता पुढचं औषध जुलैत होतं.

निघताना जोलीनने दारातच त्याला अडवलं होतं.

"हे बघ, बसल्या बसल्या विचार. सॅलड यायच्या आधी. तुझे ते नियम घाल चुलीत."

"अगं, असं नसतं ते."

"नसतं कसं? तोंड दिलंय ना देवाने?"

पण नियम होता खरा. प्लेटा उचलल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही. लाइलला हे त्याच्या पहिल्या साहेबाने शिकवलं, आणि लाइलने ड्वेनला. पहिल्याच जेवणात पोरसवदा ड्वेनने पाव यायच्या आधी दरांचा कागद बाहेर काढला, तेव्हा लाइलने तो शांतपणे उलटा केला आणि वर लोण्याची बशी ठेवली. "आधी माणूस खातो, मग कागद," तो म्हणाला होता. भुकेल्या माणसाकडून काही मागू नये आणि भुकेल्या पोटी काही देऊ नये, अशी त्यामागची समजूत. तिच्यावर लाइलने आपलं घर उभं केलं होतं.

ड्वेन आला तो चक्क टाय बांधून. एवढा धिप्पाड गडी, एरवी शर्टाचं वरचं बटणही न लावणारा. लाइलला बरं वाटलं. म्हणजे त्यालाही आजच्या भेटीत काहीतरी आहे हे कळलंय, असं त्याने धरून टाकलं.

"या, या! जोडीच आली की," रोझान म्हणाली. ती इथली सगळ्यांत जुनी वाढपी, आणि या दोघांची तर हक्काची. "मला वाटलं मेलात की काय दोघं."

"मरायला वेळ कुठे आहे, राणी?" ड्वेन म्हणाला आणि गरजेपेक्षा मोठ्याने हसला.

तिने लाकडी पेटीतून त्यांच्या सुऱ्या काढून आणल्या. जुन्या गिऱ्हाइकांच्या सुऱ्या इथे वेगळ्या ठेवतात, मुठीवर पितळेत नाव कोरून. "नेहमीचंच ना? तुमचा आतून गुलाबी, मिस्टर पी. आणि यांचा?"

"याचा म्हणजे बुटाचं चामडं," लाइल म्हणाला. "चांगला करपव. गाय कशी दिसत होती हे आठवता कामा नये."

"खाणारा मी, तुझं काय जातंय रे?"

तिघंही हसले.

स्टेक आले. रोझानने दोघांना मधोमध कापून बघायला लावलं, आतला रंग मनासारखा आहे ना याची खात्री केली आणि ती गेली. लाइल मनातल्या मनात वाक्य घोळवत होता. *ड्वेन, मी सुटलोय तिथून.* नको, सुटलोय नको. *मला काढलंय.* तेही नको. ड्वेन बेसबॉलबद्दल बोलत होता, मग हिरवळीत झालेल्या उंदरांच्या बिळांबद्दल, मग परत बेसबॉलबद्दल. आणि खात कसा होता! करपलेला मांसाचा तुकडा, त्याची चरबी, बटाट्याचं सालसुद्धा त्याने सोडलं नाही. लाइलच्या प्लेटमध्ये अर्धा स्टेक तसाच होता. जोलीनचं बोलणं आठवलं आणि त्याने हातातली सुरी खाली ठेवली.

"ड्वेन, ऐक ना, मला जरा—"

ड्वेनने काटा वर केला. "अंहं! आधी माणूस खातो, मग कागद. तूच शिकवलंस ना, मास्तर?"

लाइल हसला. हसण्यावाचून करणार काय? त्याने परत सुरी उचलली आणि उरलेला अर्धा स्टेक औषधासारखा गिळला.

अखेर रोझानने प्लेटा उचलल्या, टेबलावरचा चुरा पुसला. लाइलने श्वास घेतला, आणि तेवढ्यात ड्वेन बोलला.

"मला काढलं, लाइल. गेल्या शुक्रवारी."

"कारखाना विकला. नव्या मालकांची त्यांची माणसं आहेत. बावीस वर्षं, आणि वीस मिनिटांत बाहेर. सामान भरून हातात दिलं. तुमचंच खोकं होतं, माहितेय?" तो हसायला गेला पण जमलं नाही. त्याने दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. "नाताळात तू म्हणाला होतास, तुझ्यासारखा माणूस आमच्याकडे हवा. प्यायला होतास, मलाही कळतं. पण म्हणाला होतास. तुझा फोन आला ना, तेव्हा मी पॅटीला म्हटलं, बघ, वर कुणीतरी आहे."

म्हणाला होता. दोघंही म्हणाले होते, एकाच बाटलीवर. आता सांगायचं होतं ते फक्त एवढंच की, अरे, मी पण. दोन शब्द. मग दोघांनी मिळून शिव्या घातल्या असत्या, रडलेही असते कदाचित. लाइलने तोंड उघडलं. पण या टेबलावर समोरच्या माणसाला त्याने एकवीस वर्षांत एकदाही "नाही" म्हटलेलं नव्हतं, आणि जिभेला दुसरी सवयच नव्हती.

"बघतो मी," तो म्हणाला.

"खरंच?"

"बोलतो ना वरच्यांशी."

"कधी?"

"सोमवारी." हे कोण बोलतंय ते लाइलला कळेना.

ड्वेनने नॅपकिन तोंडावर धरला. त्याचे खांदे हलत होते. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली, तरी त्याला पर्वा नव्हती. मग त्याने तिथूनच बायकोला फोन लावला. "पॅटी, झालं म्हणून समज. हो, लाइलच बोलणार आहे वर. सोमवारी. थांब, देतो त्याला." आणि लाइलच्या कानाला फोन लागला.

"लाइल? तुम्ही नसतात तर काय केलं असतं हो आम्ही?" पॅटीचा आवाज भरून आला होता. "आठ दिवस जेवला नाहीये हा. आज तरी जेवला का?"

"जेवला. चांगला जेवला," लाइल म्हणाला. त्या संध्याकाळभरात त्याचं तेवढंच एक वाक्य खरं होतं. "काळजी करू नका, पॅटी."

बिल लाइलने दिलं. बोलावणारा देतो.

बाहेर अजून लख्ख ऊन होतं. ड्वेनने त्याला मिठी मारली, पाठीवर थापा मारल्या आणि गाडीत जाऊन बसला. लाइल आपल्या गाडीपर्यंत गेला, आणि मग त्याला राहवेना. आत्ता सांगितलं नाही तर कधीच नाही. तो जवळजवळ पळतच परत आला आणि त्याने काचेवर टकटक केलं.

काच खाली आली. ड्वेनने टाय सोडला होता. गाडीतल्या फोनवर तो मुलीशी बोलत होता, आणि ती पलीकडून रडत-हसत विचारत होती, "बाबा, खरंच? बाबा, खरंच?"

"काय रे?" ड्वेनने विचारलं.

लाइलने त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाला, "काही नाही. सोमवारी दहानंतर कर फोन. सकाळी मीटिंग असते माझी."