कोपर सरळ

दाढी करताना उजवं कोपर वाकलेलं ठेवावं लागतं. आमच्या न्हाव्याचं ते इतकं मुरलं होतं की झोपेतही सरळ होत नाही, असं त्याची बायको सांगायची. दुकान सासऱ्यांचं, खुर्ची सासऱ्यांची, वस्तराही त्यांचाच; हात तेवढा जावयाचा. एवढ्या भांडवलावर माणूस व्यायामशाळेत वजनं उचलायला जातो, याला हौस म्हणतात.

जमिनीवरून उचलताना जड बार निसटू नये म्हणून तिथल्या वस्तादांनी अंगठा बोटांखाली दाबून धरायला सांगितलं.

"अंगठा सुजला तर कात्री तुम्ही चालवणार का, वस्ताद?"

मग त्यानं दुसरी पकड घेतली: डावा तळवा स्वतःकडे, उजवा समोर. बार पक्का बसतो, पण समोर वळवलेला हात कोपरात वाकला की सगळा भार दंडाच्या शिरेवर.

"कोपर सरळ! हात म्हणजे दोरी समज."

"दोरीनं दाढी होत नाही."

"वाकडा ओढलास तर हातानंही होणार नाही."

सगळे हसले. वस्तादही हसले.

स्पर्धेत बार गुडघ्यांपर्यंत आला आणि कोपर सवयीनं वाकलं. जाड कापड फाटावं तसा आवाज झाला. दंडाचा गोळा सरकून खांद्यापाशी गेला, चांगला टरारून. मागच्या रांगांना वाटलं, गडी दंड दाखवतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करा. सासरे म्हणाले, आधी शेकून बघू. शेकून बघितलं. मग डॉक्टर म्हणाले, आता उशीर झाला.

कात्री चालत होती. फक्त उजवा तळवा वर वळवायला जोर उरला नव्हता. एका सकाळी सासरे स्वतःच खुर्चीत बसले.

"करा, जावईबापू. खुर्ची कोणाकडे ठेवायची ते बघायचंय."

गाल झाले. सासऱ्यांनी हनुवटी वर केली. तिथे तळवा वर करून वस्तरा फिरवावा लागतो. त्यानं हात वळवला. तो अर्ध्यावर थरथरत अडकला. पातं गळ्याला टेकलेलं.

"मामा, हलू नका."

"मी कुठे हलतोय?" सासरे ओठ न हलवता म्हणाले. "तुझा हात हलतोय."

बायकोनं झाडू खाली ठेवला आणि नवऱ्याची बोटं एकेक करून सोडवत वस्तरा काढून घेतला. सासऱ्यांनी गळ्यावरचा फेस स्वतःच पुसला.

आता खुर्चीमागे नवा माणूस असतो. जावई डाव्या हातानं गिऱ्हाइकांच्या मानेवरचे केस झटकतो. उजवा बाजूला लोंबत असतो, कोपर अगदी सरळ. वस्ताद अजून तिथेच दाढीला येतात, पण आरशासमोर बसल्याबरोबर डोळे मिटून घेतात.