राहीचा खड्डा

लांज्यापलीकडे, चिरेखाणीकडे जाणाऱ्या दोन मैलांच्या रस्त्यावर सोहोनी ट्रकमधून उतरले आणि जागीच थबकले. साल १९८३, मार्च महिना. रस्त्यावर खड्डाच नव्हता. जिथे तिथे ताजी तांबडी माती.

"पुण्याचे सायब पाहणीला येणार म्हटल्यावर गावाची अब्रू राखायला नको?" सरपंच धोंडूशेट कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले. "दोन दिवस राबलो सगळे."

ट्रकच्या कारखान्यात चाकांवरचे, धक्के झेलणारे पोलादी पाटे आखण्याचं काम सोहोनींकडे होतं. हे पाटे परदेशी रस्त्यांच्या आकड्यांवर बेतलेले. कोकणात वर्षातून दोनदा तुटत. इथले खरे धक्के कागदावर आणा, नाहीतर जुनेच आकडे चालतील, असं वरिष्ठांनी बजावलं होतं. ट्रकमध्ये बसवलेल्या, धक्के नोंदवणाऱ्या यंत्रात कागदाचं एकच भेंडोळं होतं, एका फेरीपुरतं. ट्रकही संध्याकाळी पाचपर्यंतच हाताशी.

"शेट," ते चाचरत म्हणाले, "मला खड्डेच हवे होते."

घमेलं उपडं घालून त्यावर बसलेली, माती वाहणाऱ्यांतली राही फिस्सकन हसली. "ऐका. आमची कंबर मोडली, नि सायबांना खड्डेच हवे. आधी सांगायचंत वो."

खरंच होतं. पत्रात आपणच 'रस्त्याची पाहणी' असं लिहिलं. गावाने दुसरा काय अर्थ घ्यावा? आता उकरा म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

ट्रकचा ड्रायव्हर लवू उकिडवा बसून माती चाचपत होता. "धुमस मारून दाबलेली नाय," तो म्हणाला. "नुसती लोटलीय. रिकामी गाडी जाईल वरून. भरलेली खाली बसेल."

सोहोनींनी टाचेने माती दाबून पाहिली. मग म्हणाले, "चिरे भरा. पुरता ट्रक."

चिऱ्यांनी लादलेला ट्रक येऊ-जाऊ लागला. तिसऱ्या फेरीला माती दबली, पाचव्या फेरीला उडू लागली.

"लावू यंत्र?" लवूने विचारलं.

"अजून नाही."

सातव्या फेरीलाही "अजून नाही." घड्याळात सव्वाचार. आपण फार थांबतोय का, की घाई करतोय? आयुष्यभर त्यांना हे कळलं नव्हतं. धोंडूशेट कडेला उभे राहून आपली मेहनत उधळली जाताना बघत होते.

नवव्या फेरीत रस्त्याकडेच्या वडापाशी असा दणका बसला की सोहोनींचा चष्मा मांडीवर पडला. तो उचलून त्यांनी नाकावर नीट बसवला.

"आता वळवा. ही परतीची फेरी कागदावर."

त्यांनी बटण दाबलं. सुई थरथरत रेघ ओढू लागली. वडापाशी ती थेट कागदाच्या काठापर्यंत गेली आणि परतली.

खाली उतरल्यावर त्यांनी कागद उलगडून धोंडूशेटांना दाखवला. "हा तुमचा रस्ता. पुढचे पाटे यावर आखू."

धोंडूशेटांनी वाकून रेघेच्या सगळ्यात उंच टोकावर बोट ठेवलं. "हा एवढा उंच कुठला?"

"वडाजवळचा," सोहोनी म्हणाले.

"तो मी बुजवलेला," राही म्हणाली. "नाव घाला माझं."

सोहोनींनी पेन काढलं, थोडे अडखळले आणि त्या टोकाशी शाईने लिहिलं: वडाजवळ, राहीचा खड्डा.