चुंबकाचा गुण

रंगनाथ सर प्राचार्य झाले, तेव्हापासून भौतिकशास्त्राशी त्यांचं नातं सासुरवाडीसारखं उरलं होतं. मान होता, जाणं-येणं नव्हतं. नेवासा रोडला कांद्याच्या शेतांमध्ये उभ्या असलेल्या त्यांच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळेचं कुलूप परीक्षेपुरतं निघायचं. संस्थेचे अध्यक्ष गोरक्षआण्णा. आण्णांचं स्वतःचं शिक्षण किती, हे विचारायची तालुक्यात पद्धत नव्हती. त्यांच्या वडिलांच्या नावाने शाळा होत्या आणि नागापूरच्या एमआयडीसीत दुधाची पावडर करायचा कारखाना होता, तेवढं पुरे होतं.

एकदा आण्णा पुण्याच्या प्रदर्शनातून एक चुंबक घेऊन आले. हा चुंबक पाइपाला बाहेरून आवळायचा, म्हणजे आतलं पाणी मऊ होतं आणि क्षार धरत नाहीत, असं विकणाऱ्याचं म्हणणं. नगरकडच्या बोअरचं पाणी किती जड असतं ते इथल्या घरोघरच्या गीझरला विचारावं. आण्णांनी जिल्ह्याची एजन्सी जागेवरच घेतली आणि दुसऱ्या दिवशी तो चुंबक प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला.

“सर, ह्याच्यावर संशोधन करा. आपल्याकडं एवढे शास्त्रज्ञ हायेत, नुसते बसून खात्यात.”

त्याच वर्षी कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती यायची होती आणि संशोधनाच्या रकान्यात दाखवायला काही नव्हतं. आंधळा मागतो एक डोळा, तशी सरांची गत झाली. त्यांनी काम भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या हुमेरा मॅडमकडे सोपवलं. परीक्षा नसतानाही प्रयोगशाळेची चावी मागणारी विभागात ती एकटीच होती.

हुमेराने तांब्याच्या दोन सारख्या नळ्या घेतल्या, दोन्हींतून एकाच बोअरचं पाणी सोडलं, सारखं तापवलं आणि एकीवर चुंबक आवळला. सत्र संपेपर्यंत हे चाललं. मग नळ्या कापून आतला थर खरवडला आणि तोलला. दोन्हीकडे सारखाच भरला. शंका नको म्हणून तिने नव्या नळ्या घेतल्या आणि चुंबक दुसऱ्या बाजूच्या नळीवर लावून सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच.

“सर, चुंबकाने काहीही होत नाही,” तिने येऊन सांगितलं. “फ्रीजवर चिठ्ठी लावायला चांगला आहे.”

सरांनी उठून दार लावलं. काहीच होत नाही याला निष्कर्ष म्हणत नाहीत, असं त्यांनी तिला समजावलं. ती म्हणाली, यालाच म्हणतात. मग सरांनी लेख स्वतःच लिहायला घेतला. ‘फरक आढळला नाही’ याचं त्यांनी ‘परिणामांत उल्लेखनीय सातत्य आढळलं’ असं केलं. सैद्धांतिक बाजू भक्कम हवी म्हणून एम.एस्सी.च्या जुन्या वह्या काढून पानंच्या पानं समीकरणं घातली. समीकरणं सगळी बरोबर होती. पाण्याशी त्यांचा संबंध नव्हता, एवढंच. हुमेराने लेख वाचला आणि आपलं नाव काढा म्हणाली. सरांनी काढलं, आणि त्या जागी आण्णांचं घातलं.

कुणालाही नाही न म्हणणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय मासिकाने लेख छापला. समिती खूश झाली. आण्णांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, फ्लेक्सवर ‘संशोधक’ अशी अक्षरं झळकली आणि सरांनी भाषणात लेखाचं सार सोप्या मराठीत सांगितलं. लेख छापायला असतात, त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, हा त्यांचा इतक्या वर्षांचा अनुभव. आण्णांनी मात्र ठेवला.

पंधरवड्याने आण्णांच्या बंगल्यावर चहा घेताना सरांना कळलं, की कारखान्याच्या बॉयलरला पाणी मऊ करून देणारं सॉफ्टनरचं यंत्र आण्णांनी उखडून भंगारात दिलं आणि त्याच्या जागी चुंबक बसवले. बॉयलरच्या नळ्यांत क्षार साचला की काय होतं, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. एके काळी त्यांनीच ते शिकवलं होतं. प्रयोगशाळेतलं वेगळं, कारखान्यातलं वेगळं, असं काहीतरी ते पुटपुटले.

“सर, तुमीच लिवलंय ते,” आण्णा मायेने म्हणाले. “आन म्याबी.”

सरांनी चहा संपवला, बिस्किटही खाल्लं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हुमेराला बोलावून, आण्णांच्या कानावर घालशील का, असं आडून आडून विचारलं. खोटं तुम्ही लिहायचं आणि खरं मी सांगायचं का, असं तिने विचारलं. तरी गेली. माणसं काम करतात तिथे, म्हणाली. आण्णांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, “मॅडम, लेखात तुमचं नाव न्हाई, म्हनून जळताय व्हय?”

हुमेराने त्याच आठवड्यात राजीनामा दिला आणि नाशिकला पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी धरली. निरोप समारंभाला सर गेले नाहीत. त्या दिवशी त्यांना ताप होता, निदान त्यांनी तसं कळवलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर बॉयलरची नळी फुगून फुटली. माणसं जेवायला बाहेर गेली होती म्हणून निभावलं, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. दूध नासलं, टँकर फाटकावरून परत गेले, आणि सगळ्या नागापुरात आंबूस वास भरून राहिला. नळ्या कापल्या तर आत बाजरीच्या भाकरीएवढा जाड थर.

आण्णांनी चौकशी समिती नेमली. अध्यक्ष अर्थातच रंगनाथ सर. ते कारखान्यात गेले. आता तरी सांगून टाकावं, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण आण्णाच आधी बोलले.

“संशोधन तर बरूबर हाय. त्यात दोघांची नावं हायेत. मंग चुंबक उलटा बसला आसंल का?”

सरांनी त्या फुटक्या नळीकडे पाहिलं, मग आण्णांकडे पाहिलं. मोकळा श्वास घेतला आणि म्हणाले, “शक्यता नाकारता येत नाही.”

चुंबकाच्या दिशेवर दुसरा लेख झाला. तो पहिल्यापेक्षा मोठा होता. सर संस्थेच्या नव्या संशोधन केंद्राचे संचालक झाले. आण्णांनी कारखान्यात पूर्वीपेक्षा मोठा सॉफ्टनर गुपचूप बसवला आणि चुंबकाच्या खोक्यावर दोन्ही लेखांची आणि लेखकांची नावं छापून घेतली. नेवाशापासून शेवगावपर्यंत माल चांगला खपला.

एका दुपारी सरांना शेवगावहून फोन आला. बोलणारा आदिनाथ, त्याचा पनीरचा लहानसा धंदा होता, छोटा बॉयलर होता. खोक्यावर सरांचं नाव वाचून त्याने नंबर शोधला होता. चुंबक घेतलाय, आता सॉफ्टनर काढून टाकू का, असं तो विचारत होता.

सरांना तो आंबूस वास आठवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, “सॉफ्टनर काढू नका. राहू द्या.”

“मंग सर, चुंबक कशाला?”

“त्यावर संशोधन सुरू आहे,” सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आदिनाथने सॉफ्टनर काढला नाही. सरांनी केलेल्या संशोधनाचा कुणाला उपयोग झाला असेल, तर तो एवढाच.