काचेवरचं कुंकू

देवास गेटजवळच्या फ्रेमच्या दुकानात प्रतिभानं पिशवीतून चित्र काढलं आणि काउंटरवर पालथं ठेवलं. दुकानदारानं ते सुलटं केलं. चित्रात गौर होती. टपोरे डोळे, हिरवी चोळी आणि कपाळावर कडेनं फुटलेला लाल डाग.

"काँच कौन-सा लगाऊँ, भाभी? सादा कि बिना चमक का?"

"बिना चमक वाले में रंग दबेंगे क्या?"

"थोड़ा धुँधला तो दिखेगा."

प्रतिभाला नेमकं तेच हवं होतं. पण दुकानदार पुढं म्हणाला, "बस, इस पे टीका-वीका मत लगाना. खुरदरा रहता है, कुंकू पकड़ लेगा."

तिनं नमुन्याच्या काचेवरून बोट फिरवलं आणि ती परत सरकवली.

"सादाच लगा दो."

चित्र सासूबाईंच्या धाकट्या बहिणीनं, जयूनं काढलेलं. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच जयूचा नवरा गेला आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. त्या वर्षी तिनं ही गौर रंगवली आणि कपाळ कोरंच ठेवलं. 'मला कुणी लावत नाही, मग हिला तरी कशाला?' असं म्हणून चित्र बहिणीच्या हातात दिलं. जयू जाऊनही आता बराच काळ लोटला होता. सासूबाई, अनसूयाबाई, दर चैत्रात या गौरीला काचेवरून कुंकू लावत आणि संध्याकाळी पदरानं पुसून टाकत. आतल्या कागदाला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता.

यंदा त्या इंदूरला लेकीकडे अडकल्या आणि फोनवर म्हणाल्या, "या शुक्रवारी तूच मांड गौर." साफसफाईत काच तडकली. नवी नंतर बसवू म्हणून प्रतिभानं ती काढून चित्र तसंच मांडलं. बायका दारात आलेल्या, पन्हं गाळायचं राहिलेलं. त्या घाईत तिनं ओल्या कुंकवाचं बोट सवयीनं गौरीच्या कपाळाला टेकवलं. कागदानं ते पिऊन टाकलं. कापसानं टिपायला गेली तर डाग आणखी पसरला. गेल्या माणसाचा शब्द आपण पुसून टाकला, असं तिला झालं.

सासूबाई परतल्या त्या दिवशी प्रतिभानं सकाळीच नव्या काचेवर, डागाच्या बरोबर वर, चांगलं ठसठशीत कुंकू लावलं. चैत्र संपला की चित्र कपाटात जाईल, पुढचं पुढं बघू, असा तिचा हिशेब होता. चोराच्या मनात चांदणं, तशी ती दिवसभर त्या खोलीशी घुटमळत राहिली.

संध्याकाळी अनसूयाबाई पदर सावरत गौरीपुढं आल्या.

"आई, राहू द्या. मी साफ करते."

"तू कशाला? माझं आहे ते."

पदर फिरला. काच लख्ख झाली, कुंकू जागचं हललं नाही. त्यांनी पुन्हा पुसलं. मग नखानं खरवडून पाहिलं.

"आई, ते आत आहे," प्रतिभाला रडू फुटलं. "काच तडकली होती, म्हणून काढली. गलतीनं माझं बोट कागदालाच लागलं. मी तुमच्यापासून लपवत होते."

अनसूयाबाई खाली बसल्या.

"त्या वर्षी आपल्या घरचं हळदीकुंकू होतं," त्या म्हणाल्या. "जयू इथंच होती. आत डाळ वाटत होती. मीसुद्धा तिला बाहेर बोलावलं नाही गं."

प्रतिभा डोळे पुसायचे विसरली.

"तू लावलंस तरी. मी आपली इतकी वर्षं काचेलाच लावत राहिले."

आणि पदराला लागलेलं कुंकू त्या अंगठ्यानं चोळत बसल्या.